हाय-एंड मशीनला पाणी की हवा? (गोव्यातली दमट हवा, खोलीत एसी नाही)

कुळागर (धागालेखक)
धागा काढण्यास कारण की, नवीन मशीनचे सगळे पार्ट ठरलेत, एक कूलर सोडून. रायझेन ९ ९९५०एक्स प्रोसेसर, आरटीएक्स ५०९० (तीन पंख्यांचं जाडजूड ग्राफिक्स कार्ड), १२८ जीबी रॅम, १२०० वॉटचा पॉवर सप्लाय. काम ब्लेंडरचं (थ्रीडी ॲनिमेशनचं सॉफ्टवेअर), दिवसाला सात-आठ तास रेंडर, कधी रात्रभर. जागा फोंड्याजवळ, कौलारू घर, एसी नाही, डोक्यावर छतपंखा. मे महिन्यात दुपारी खोलीत ३३-३४ डिग्री. पावसातल्या दमटपणाचं इथल्या लोकांना वेगळं सांगायला नको.

दुकानदार म्हणतो, ३६० चं लिक्विड (३६० मिमी रेडिएटरचा पाण्याचा कूलर) घ्याच, नाहीतर प्रोसेसर जळेल. व्हिडिओवाल्यांत निम्मे पाण्याचे, निम्मे हवेचे. ते सगळे थंड खोलीत बसून मोजतात, ते आकडे इथे कितपत धरायचे हाच मुळात प्रश्न आहे. दोन्ही प्रकार हाताळलेल्यांनी सांगा.

सुंगटां_हुमण
पाणीच घ्या. गोव्यात जून ते सप्टेंबर फुकट मिळतं. कौलातून थेट कनेक्शन द्या. (हलकेच घ्या)

आबोली
आधी ते "जळेल" काढून टाका. ९९५०एक्सवर १७० वॉट लिहिलेलं असतं, पण सॉकेटमधून तो २३० वॉटपर्यंत ओढतो. कमाल तापमान ९५ डिग्री. तिथे पोचला की आपणच क्लॉक (वेग) खाली आणतो, जळत बिळत नाही. कूलर कमी पडला तर रेंडर थोडा लांबतो, एवढंच. दुकानदाराला घाबरून खरेदी करू नका.

परदेशी आकड्यांचं सोपं आहे. कूलर तापमान ठरवत नाही, खोलीपेक्षा किती वर जायचं ते ठरवतो. २२ डिग्रीच्या खोलीत ७२ दाखवत असेल तर ३३ च्या खोलीत ८३ च्या आसपास धरा. पाणी असो की हवा, दोघांनाही तेवढेच ११ वाढवायचे. म्हणजे उन्हाळा दोघांना सारखाच छळतो. फरक पडतो तो आधीपासून किती जागा शिल्लक आहे त्यात.

तीनशेसाठ
आणि ती जागा पाण्याकडे जास्त असते, हेच तर म्हणणं आहे. तेवढ्याच आकारमानात पाणी हवेच्या साडेतीन हजार पट उष्णता धरतं. २३० वॉट सलग सात तास असतील तर ३६० च्या रेडिएटरला पर्याय नाही. विषय संपला.

दोन_मनोरे
विषय आत्ता सुरू झालाय. पाणी उष्णता धरतं, मान्य. पण ती सोडायची कुठे? खोलीतल्या त्याच ३३ डिग्रीच्या हवेत, ॲल्युमिनियमच्या पात्यांतून, पंख्यानेच. पाणी फक्त हमाल आहे.

शिवाय हवेच्या कूलरमध्येही पाणीच असतं. हीटपाइप म्हणजे तांब्याची बंद नळी. आत हवा काढून टाकलेली, जेमतेम थोडं पाणी आणि भिंतीला सच्छिद्र तांब्याचा थर. खाली पाण्याची वाफ होते, वर पात्यांपाशी जाऊन ती पुन्हा पाणी होते आणि त्या थरातून खाली झिरपते. हीसुद्धा हमालीच, पण पंपाशिवाय. त्यामुळे वाद पाणी विरुद्ध हवा असा नाहीच, पंप पाहिजे की नको असा आहे.

तीनशेसाठ
हमाल बरा शब्द काढलात. पण चार टोपल्या नेणारा आणि चाळीस नेणारा यांत फरक असतोच ना?

आबोली
असतो, पण या प्रोसेसरवर अडतं दुसरीकडेच. गाभ्याच्या दोन चिपा नखाएवढ्या, आणि वरचं धातूचं झाकण चांगलं जाड. उष्णता त्या इवल्या जागेतून झाकणात यायलाच वेळ लागतो. हा पहिला अडथळा कुठलाच कूलर हटवत नाही. म्हणून चांगला दुहेरी मनोरा (पात्यांचे दोन उभे गठ्ठे असलेला हवेचा कूलर) आणि चांगलं ३६० यांतला फरक वाटतो तेवढा मोठा येत नाही. २३० वॉटच्या सलग भारावर पाणी पुढे असतं हे खरं. १४० च्या आसपास दोन्ही जवळजवळ बरोबरीला येतात.

आणि पाच मिनिटांच्या चाचण्या पाहून भुलू नका. एआयओतलं (कारखान्यातूनच भरून बंद करून येणारं लिक्विड) पाणी तापून स्थिर व्हायलाच पंधरा-वीस मिनिटं जातात. तोवर आकडे गोडच दिसतात. अर्धा तास पूर्ण भारावर ठेवा, मग बघा.

खारवट
तापमानाच्या मारामारीत इथली हवा कोणी धरतच नाही. फोंडा आत आहे म्हणून कुळागर थोडे बचावलेत, पण कळंगूट, मिरामार, कोलवा पट्ट्यात खारं वारं हेच पहिलं गणित असतं. बहुतेक एआयओचा रेडिएटर ॲल्युमिनियमचा, पाती अगदी पातळ, दाट आणि रंगवलेली. रंग उडाला तिथे खारी हवा लागून पांढरी भुकटी धरते. खिडकीच्या सरकत्या चौकटीवर धरते तीच. हवेच्या कूलरची पातीही ॲल्युमिनियमचीच असतात, पण त्यांच्यात अंतर जास्त असतं, बऱ्याच कूलरांना निकेलचा मुलामा असतो, आणि पातं थोडं खाल्लं गेलं तरी काही गळत नाही. रेडिएटरच्या पात्यांमागे पाण्याच्या चपट्या नळ्या असतात. ब्रशने खरवडताना त्यांना धक्का लागला की संपलं.

साफ करताना ओलं फडकं नको. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रश, पात्यांच्या दिशेने, आडवा नाही.

चिरेबंदी
आत असलात तर मीठ कमी, पण लाल धूळ जास्त. सावर्डे, कुडचडे, डिचोली, साखळी इथल्यांना ठाऊकच आहे. खाण नसली तरी शेजारी कोणी चिरे कापायला घेतले की आठवड्यात कॅबिनेट आतून भगवं. ही धूळ पावडरसारखी बारीक असते आणि दमट हवेत पात्यांवर लेपासारखी बसते. नुसत्या फुंकरीने जात नाही.

रेडिएटरची पाती दाट असल्यामुळे तो आधी तुंबतो, आणि तुंबतो तो पंखा आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत. बाहेरून चकचकीत दिसतो. पंखे उघडून काढल्याशिवाय आतली वाकळ दिसत नाही. हवेच्या कूलरचा पंखा दोन तारेच्या क्लिपांवर असतो, स्क्रू-ड्रायव्हरही लागत नाही.

ब्लोअर मारताना दोन गोष्टी. हवा जायच्या उलट दिशेने मारा, आणि पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा. मोकळं सोडलं तर ब्लोअर त्याला मर्यादेपलीकडे गरगरवतो, बेअरिंग खराब होतं आणि उलटी वीज मदरबोर्डात जाऊ शकते.

बत्ती_गुल
पहिल्या पावसात लाईट जाते-येते त्याचं काय? पंप अचानक बंद पडला तर प्रोसेसर उकडून निघेल ना?

दोन_मनोरे
हवेच्या बाजूचा असूनही सांगतो, नाही. लाईट गेली की पंपाबरोबर प्रोसेसरही बंद. उष्णता तयारच होत नाही. भीती आहे ती लाईट असताना पंप मरण्याची. तेव्हाही प्रोसेसर आधी क्लॉक पाडतो, मग मशीन बंद करतो. मशीन वाचतं, काम थांबतं.

बत्ती_गुल
मग ठीक. यूपीएसचं मात्र मी सांगतो, अवांतर असलं तरी. या मशीनला लाईन-इंटरॅक्टिव्ह, प्युअर साइन वेव्ह घ्या. स्वस्तातल्या चौकोनी लहरीवर आजकालचे पॉवर सप्लाय कुरकुरतात किंवा लाईट गेल्या क्षणी सरळ बंद पडतात. खोक्यावरचा केव्हीए बघू नका, वॉट बघा. पॉवर फॅक्टर ०.६ असेल तर २ केव्हीएचे मिळतात फक्त १२०० वॉट.

नुस्तें_मार्केट
पंप गेला की नाही ते ओळखायचं कसं? दुकानवाला दर वेळी "पेस्ट (प्रोसेसर आणि कूलरमधला लेप) बदलू या" म्हणतो.

आबोली
दोन्ही नळ्यांना हात लावा. नीट चालणाऱ्या एआयओत जाणाऱ्या आणि येणाऱ्या पाण्यात दोन-तीन डिग्रीचाच फरक असतो, हाताला दोन्ही सारख्याच कोमट लागतात. एक चटका देते आणि दुसरी गार, असं असेल तर पाणी फिरत नाहीये. पंप मेला किंवा तांब्याच्या तळातल्या बारीक चिरा गाळाने बुजल्या. दोन्ही गार आणि प्रोसेसर ९५ ला, म्हणजे प्रोसेसरवरचा पंपाचा ठोकळा नीट बसलेला नाही किंवा तळाचं प्लास्टिक सोलायचं राहिलंय. हसू नका, सर्रास होतं.

खळखळ आवाज येतोय म्हणजे हवेचा बुडबुडा पंपात. प्रत्येक एआयओत थोडी हवा असतेच, आणि रबराच्या नळीतून वर्षानुवर्षं पाणी सूक्ष्म प्रमाणात उडत राहतं, तशी ती वाढते. ती हवा रेडिएटरच्या वरच्या टाकीत राहिली पाहिजे. म्हणून पंप हा पूर्ण चक्रातला सर्वात वरचा भाग कधीच नसावा. रेडिएटर छताला लावणं उत्तम. पुढे लावला तर नळ्या खाली आणि रेडिएटरचं टोक पंपाच्या वर. तळाला लावणं म्हणजे पंपाचा छळ.

तीनशेसाठ
+१. आणि पंपाची वायर मदरबोर्डवर पंपासाठी असलेल्या पिनेवर, पूर्ण वेगाने. बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) ती पंख्यासारखी तापमानावर ठेवली की पंप सतत वर-खाली होतो. बऱ्याच तक्रारी तिथूनच येतात.

अर्धा_कप
मी नवशिका. मला एकच सांगा, एसीच्या खोलीत लिक्विड लावलं तर थंड नळ्यांना घाम सुटून बोर्डावर पाणी पडतं का? गारेगार बाटलीला सुटतो तसा?

खारवट
नाही. एआयओ खोलीच्या तापमानाखाली जाऊच शकत नाही. नळ्या नेहमी खोलीपेक्षा गरमच. घाम सुटायला पृष्ठभाग दवबिंदूच्या खाली लागतो.

पण प्रश्न वाटतो तेवढा भाबडा नाही. गोव्यात पावसाळ्यात दवबिंदू २४-२५ डिग्रीला असतो. रात्रभर एसी २० वर चालला, मशीन बंद होतं, सकाळी एसी बंद करून खिडक्या उघडल्या. आता आतला सगळा धातू २० डिग्रीचा आणि बाहेरून आलेली हवा ओलीचिंब. चष्म्यावर धुकं चढतं तसंच ग्राफिक्स कार्डच्या पात्यांवर, हीटसिंकवर, बोर्डावरही चढतं. पाणी-हवेचा इथे काही संबंध नाही, दोन्हीकडे सारखंच. उपाय: एसी २५-२६ वर ठेवा, आणि खिडकी उघडल्यावर तासभर मशीन चालू करू नका. चालू मशीन गरम असतं, त्याला हे होत नाही.

अर्धा_कप
हे कुठल्याच व्हिडिओत सांगत नाहीत. वाखुसाआ (वाचनखूण साठवली आहे).

सुंगटां_हुमण
व्हिडिओवाल्यांच्या घरी पावसात चादरी वाळतात, म्हणून.

चिरेबंदी
पावसात अजून एक. मशीन दोन-चार दिवस बंद राहणार असेल तर रोज तासभर तरी चालवा. उबदार आणि कोरडी जागा म्हणून मुंग्या आत अंड्यांसकट बिऱ्हाड करतात. आणि पाली. पॉवर सप्लायच्या जाळीतून पाल आत गेली की पाल आणि पॉवर सप्लाय दोघंही जातात. मागच्या रिकाम्या स्लॉटच्या पट्ट्या काढून टाकू नका, गेल्या असतील तर बारीक जाळी लावा.

कॉपर_कोंकण
कस्टम लूपबद्दल (सुटे भाग घेऊन स्वतः जोडायचं पाण्याचं चक्र) कोणीच बोलेना! ५०९० सारखं कार्ड असताना खरा उपाय तोच. कार्ड आणि प्रोसेसर दोघांना ब्लॉक, दोन जाड रेडिएटर, पाच लिटर पाणी लागत नाही, एक-सव्वा लिटरमध्ये काम होतं.

दोन_मनोरे
बाब, त्यांना रेंडर करायचाय, मत्स्यालय पाळायचं नाहीये.

कॉपर_कोंकण
हसा. पण करायचंच असेल तर हे लिहून ठेवा. तांबं, पितळ, निकेल एकत्र चालतं. त्यात एकही ॲल्युमिनियमचा तुकडा नको, तो झिजून तांब्यावर गाळ बसतो. (एआयओत तांब्याचा तळ आणि ॲल्युमिनियमचा रेडिएटर एकत्र असतात ते आतल्या गंजरोधक द्रावणाच्या भरवशावर.) बॅटरीच्या दुकानातलं पाणी एकटं भरू नका, त्यात गंजरोधक आणि शेवाळनाशक काही नसतं. पारदर्शक नळ्यांवर ऊन पडलं तर हिरवं व्हायला वेळ लागत नाही. पाणी भरण्याआधी हवेच्या पंपाने ०.५ बार दाब देऊन अर्धा तास ठेवा. काटा हलला तर गळती आहे. द्रव वर्षातून एकदा बदला.

आबोली
सगळं बरोबर, पण वर्षातून एक पूर्ण दिवस त्यात जातो, आणि ज्याचं रोजचं काम या मशीनवर आहे त्याला तो दिवस परवडतो का ते बघा. माझ्या मते या धाग्यासाठी लूप बाद.

कुळागर, एक प्रश्न पहिल्याच प्रतिसादात विचारायला हवा होता. ब्लेंडरमध्ये रेंडर कशावर करता? सायकल्स (ब्लेंडरचं रेंडर इंजिन) कार्डवर की प्रोसेसरवर?

कुळागर
कार्डवर, ऑप्टिक्स (एनव्हिडियाच्या कार्डवर रेंडर करायची पद्धत). प्रोसेसरवर फक्त कापड-धुराचं सिम्युलेशन, ते आठवड्यातून एखाद्या वेळी. बाकी मॉडेलिंग.

आबोली
मग वरचे वीस प्रतिसाद चुकीच्या यंत्रावर झाले! रेंडर चालू असताना प्रोसेसर जवळजवळ निवांत असणार, २३० वॉट सोडा, शंभरही क्वचित. उष्णता तयार करतंय ते कार्ड. ५०९० ची मर्यादा ५७५ वॉट. तुमचा प्रश्न प्रोसेसरला पाणी की हवा हा नाही. कॅबिनेटमधून ५७५ वॉट बाहेर कसे काढायचे, हा आहे.

तीनशेसाठ
आणि इथेच मी परत येतो. ही नवीन कार्डं गरम हवा मागच्या पाट्याच्या भोकातून थेट वर सोडतात. वर काय असतं? हवेच्या कूलरचं तोंड. म्हणजे मनोरा कार्डचीच ४५-५० डिग्रीची हवा पिणार. रेडिएटर पुढच्या बाजूला आत घेणारा लावला तर प्रोसेसरला खोलीची ताजी हवा मिळते.

दोन_मनोरे
आणि कार्डला रेडिएटरमधून आलेली कोमट हवा. ५७५ वॉटवाल्याला कोमट आणि शंभर वॉटवाल्याला ताजी? उलटा न्याय झाला.

तीनशेसाठ
प्रोसेसर निवांत असेल तर रेडिएटरची हवा कोमट होणारच नाही. आत्ताच आबोलीताईंनी सांगितलं.

दोन_मनोरे
प्रोसेसर निवांत असेल तर त्याला ३६० कशाला लागतं?

सुंगटां_हुमण
पॉपकॉर्न संपले. कोणी काजू आणता का?

आबोली
दोघांचंही अर्धं बरोबर. निवांत प्रोसेसरने ५० डिग्रीची हवा प्यायली तरी तो ७५-८० च्या पुढे जाणार नाही, त्याला काही होत नाही. फक्त त्याचा पंखा विनाकारण ओरडेल. त्यावर पंख्याची चढण जरा सपाट करा. ७० पर्यंत हळू, आणि तापमान बदलल्यावर चार-पाच सेकंद थांबून मगच वेग बदलेल अशी.

मुख्य म्हणजे कार्डला हवा. पुढे तीन १४० चे आत घेणारे, मागे एक बाहेर टाकणारा. वरच्या बाजूला फक्त मागच्या टोकाला एक. वर पुढच्या टोकाला पंखा लावू नका, तो ताजी हवा मनोऱ्यापर्यंत पोचण्याआधीच ओढून बाहेर टाकतो.

चिरेबंदी
इथे असहमत. एरवी हा नियम खरा, पण कार्डच्या गरम हवेचा झोत नेमका पुढच्या टोकाला वर येतो. तिथला पंखा तो झोत मनोऱ्यात शिरण्याआधी उचलतो. अशा कार्डाबरोबर तिथे पंखा हवाच.

आबोली
मुद्दा चांगला आहे. कार्डाचं भोक नेमकं कुठे आहे आणि कॅबिनेटची जाळी किती मोकळी आहे त्यावर जाईल. दोन्ही करून बघणं चार स्क्रूंचं काम आहे. एकदा पंखा लावून अर्धा तास रेंडर, एकदा काढून अर्धा तास. छतपंखा दोन्ही वेळी एकाच वेगावर.

बत्ती_गुल
कार्डची मर्यादाच कमी केली तर?

खारवट
तेच लिहायला आलो होतो. ८० टक्क्यांवर ४६० वॉट होतात. रेंडरचा वेळ थोडाच वाढतो, शेवटच्या शंभर वॉटमधून कार्ड फार काही काढत नाही. एकच फ्रेम दोन्हीवर रेंडर करून घड्याळ लावून बघा. तसंच प्रोसेसरला बायोसमध्ये इको मोड १०५ लावा, तो सॉकेटला १४२ वॉटवर थांबतो. सिम्युलेशन दहाएक टक्के हळू होईल आणि कूलरचा प्रश्न निम्मा सुटेल.

यातला प्रत्येक वॉट शेवटी खोलीतच येतो, हेही लक्षात असू द्या. ७०० वॉट म्हणजे एसीच्या भाषेत ०.२ टन. कौलारू खोलीत मे महिन्यात ते अंगाला जाणवतं, मग कूलर पाण्याचा असो की हवेचा.

नुस्तें_मार्केट
आवाजाचं काय? पाणी शांत असतं म्हणतात.

दोन_मनोरे
छतपंखा चारवर आणि कौलांवर पाऊस. त्यात १४० चा पंखा हजार आरपीएमवर ऐकू येणारे कान कोणाचे असतील त्यांना माझा दंडवत. पंपाची बारीक गुणगुण मात्र रात्री पाऊस थांबला की ऐकू येते.

तीनशेसाठ
अर्धीच गोष्ट सांगताय. कार्डच्या झळीने मनोऱ्याचा पंखाही रात्री वर-खाली होत राहतो, तो त्या गुणगुणीपेक्षा जास्त टोचतो. असो. इको मोड आणि कार्डवरच रेंडर असेल तर हवा पुरेल, हे मान्य करतो. प्रोसेसरवर रोजचा सलग भार असता तर मागे हटलो नसतो.

बत्ती_गुल
धाग्याच्या इतिहासात नोंद करा, कोणीतरी मान्य केलं.

चिरेबंदी
हवा घेत असाल तर वाहतुकीचं बघा. पार्ट बेळगाव-पुण्याकडे जोडून मशीन चोर्ला घाटातून आणणार असाल तर दीड किलोचा मनोरा बोर्डला लटकलेला ठेवून आणू नका. घाटातले खड्डे आणि तेवढं वजन उभ्या बोर्डावर, सॉकेटभोवतीचा बोर्ड वाकतो. कूलर आणि कार्ड काढून वेगळं, किंवा निदान कॅबिनेट आडवं, बोर्ड खाली आणि कूलर वर, असं झोपवून. एआयओचा ठोकळा हलका, त्याला हा त्रास नाही, प्रामाणिकपणे सांगायला हवं.

खारवट
वॉरंटीचंही. एआयओवर पाच-सहा वर्षांची मिळते, पण गोव्याबाहेर पाठवून परत येईपर्यंत आठवडे जाऊ शकतात. ९९५०एक्सच्या खोक्यात कूलर येत नाही, म्हणजे तेवढे दिवस मशीन बंद. पाणी घेणाऱ्याने एक स्वस्त हवेचा कूलर फळीवर ठेवायचा, आणि बोर्डाबरोबर आलेल्या प्लास्टिकच्या पकडी जपायच्या. त्या आधी हरवतात.

कुळागर
सगळ्यांचे आभार, देव बरें करूं. ठरलं: हवा. इको मोड १०५, कार्ड ८० टक्के. नॉक्टुआचा एनएच-डी१५ जी२ मागवतोय. पेस्टबद्दल कोणी सांगेल का? आणि रॅम ३२ च्या चार पट्ट्या घेतोय, चालेल ना?

आबोली
चार पट्ट्या नको. एएम५ वर (या प्रोसेसरचं सॉकेट) चार लावल्या की अधिकृत वेग ३६०० वर येतो. ६४ च्या दोन घ्या, प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत. कूलरलाही सोयीचं, जवळची खाच रिकामी राहते. पट्ट्या बुटक्या बघा, दोन पंखे असताना त्या कूलरखाली ३२ मिमीचीच जागा असते. चमचमणारी ४४ मिमीची पट्टी घेतली तर पुढचा पंखा तेवढा वर सरकवावा लागतो.

पेस्ट बरोबर येते ती चांगली आहे. रोज तापणं-गार होणं चालू असल्यामुळे दोन-तीन वर्षांत ती कडेला सरकते, तेव्हा बदला. नाहीतर पीटीएम७९५० चा पॅड लावा. तो ४५ डिग्रीच्या आसपास मऊ होऊन पसरतो आणि नंतर सहसा सरकत नाही. लावण्याआधी दहा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा म्हणजे प्लास्टिक नीट सुटतं. पण बंद पिशवीतच, आणि खोलीच्या तापमानाला आल्यावर मगच प्रोसेसरवर. खारवट यांचा दवबिंदू आठवा.

बसवताना सरकवलेली पकड वापरा, एएम५ साठी ७ मिमी खालची. गाभ्याच्या चिपा झाकणाच्या मधोमध नसतात, एका बाजूला असतात. एक ते तीन डिग्री फुकटात मिळतात. स्क्रू आळीपाळीने, तीन-तीन फेऱ्या, अडेपर्यंत.

दोन_मनोरे
कुळागर, कॅबिनेट कुठलं घेतलंत ते सांगितलंच नाहीत. कूलरची उंची कितीपर्यंत चालते त्यात? जी२ ची उंची १६८ मिमी आहे.

कुळागर
थांबा, खोक्यावर बघतो.

कुळागर
१६५.

सुंगटां_हुमण
काचेला भोक पाडा. पाल पण जाईल-येईल.

तीनशेसाठ
वर छताला ३६० बसतो का बघा. मी काही बोललो नाही.

कुळागर
बसतो. पण रेडिएटर आणि पंखे धरून ५५ मिमीच जागा लिहिलीय.

आबोली
५५ मध्ये २७ चा रेडिएटर आणि २५ चे पंखे म्हणजे ५२, जेमतेम. आर्क्टिकचा लिक्विड फ्रीझर ३ तर बसणारच नाही, त्याचा रेडिएटरच ३८ चा, म्हणजे ६३.

तीन मिमीसाठी कॅबिनेट बदलू नका. थर्मलराइटचा पीअरलेस असॅसिन १२० एसई घ्या. दुहेरी मनोरा, उंची १५५, आणि किंमत जी२ च्या निम्म्याहूनही कमी. १४२ वॉटला तो पुरून उरतो. उरलेल्या पैशांत १४० चे पंखे आणि बत्ती_गुल म्हणतात तो यूपीएस. जी२ ची ऑर्डर गेली असेल तर आजच रद्द करा.

कुळागर
रद्द केली. एसई मागवला. वरच्या पुढच्या पंख्याची चाचणी दोन्ही प्रकारे करून आकडे इथेच टाकतो.

चिरेबंदी
छतपंख्याचा नंबरही लिहा.